गवताचा किल्ला

निवृत्त मुख्याध्यापक मुरलीधरपंतांनी सह्याद्रीतले साठ किल्ले पायाखाली घातले होते. म्हणून इंग्लंडात लेस्टरला राहणाऱ्या जावयाने, परीक्षितने, दीड तास गाडी हाकून त्यांना मुद्दाम इंग्रजी किल्ला दाखवायला नेलं. समोर गवताची टेकडी होती आणि तिच्यावर मेंढ्या चरत होत्या. दोघं वर चढले.

"किल्ला कुठाय?" पंतांनी विचारलं.

"बाबा, आपण त्याच्यावरच उभे आहोत. भिंती लाकडी होत्या, त्या कधीच कुजल्या. उरला तो हा मातीचा ढीग."

पंत मनातून चरफडले, पण जावयापुढे बोलणार काय? त्यांनी छाती फुगवून फोटो काढून घेतला आणि "इंग्रजी किल्ल्यावर" असं लिहून पुण्याच्या दुर्गप्रेमी ग्रुपवर टाकला. लगेच एका मित्राचं उत्तर आलं, "जतन करावं तर इंग्रजांनीच."

पंतांनी लिहिलं, "अहो, तटबंदी तर प्रत्यक्षच पाहायला हवी."