जमनाचा तिसरा टीव्ही

चिंचणीच्या जमनाची जीभ म्हणजे कोयता. मासळीबाजारात तिच्याशी घासाघीस करायला भलेभले कचरत. तीच जीभ घेऊन ती डहाणूच्या टीव्हीच्या दुकानात गेली, आणि सगळं बिनसलं.

झालं असं, की नवाकोरा टीव्ही घरी आला नि आठवड्यात आंधळा झाला. आवाज येई, चित्र नाही. दुकानातला दिपक आला. कैनाड गावचा, दोन लेकरांचा बाप, अबोल माणूस. मागचं झाकण उघडून बघत राहिला, फडक्यानं काहीतरी पुसलं आणि म्हणाला, "पीसच खराब आहे मावशी, बदलून देतो. फक्त ह्याच्यावर पाणीबिणी सांडू देऊ नका."

"आम्ही काय टीव्हीवर कपडे धुतो?" जमना फणकारली.

दुसराही गेला. दिपकनं ब्र न काढता तोही बदलून दिला. तिसरा बंद पडला तेव्हा मात्र जमनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तडक दुकानात गेली आणि भर गिऱ्हाइकांत दिपकवर तुटून पडली. "चोर मेला! लोकांनी टाकलेले टीव्ही नवे म्हणून आमच्या गळ्यात मारतो!"

दिपक खाली मान घालून ऐकत राहिला. दुकानाच्या शेठनं त्याला काउंटरवरून काढून गोदामात खोकी उचलायला लावलं. कामावर ठेवायचा की नाही ते महिनाअखेर बघू, म्हणाला. जमना ताठ मानेनं घरी आली.

मग कंपनीचा मेकॅनिक आला. झाकण उघडताच आतून मुंग्या निघाल्या.

"मावशी, ह्यात गोड पाणी कुणी ओतलं?"

नवी होडी पाण्यात घालताना तिच्या पुढच्या टोकाला नारळ फोडून पाणी शिंपडतात. जमनानं टीव्हीलाही तेच केलं होतं. दरवेळी हळदकुंकू, नारळ, आणि वरून मनोभावे पाणी, अगदी मागच्या फटी भिजेपर्यंत.

"पाणी गेलेला टीव्ही कंपनी बदलून देत नाही, पीसच खराब असल्याचं दुकानानं लिहून द्यावं लागतं," साफसूफ करून टीव्ही चालू करता करता मेकॅनिक म्हणाला. "आधीचे दोन तुम्हाला मिळाले कसे?"

कसे मिळाले ते जमनाला आत्ता कळलं. दिपकनं पुसलं होतं. देवाचं पाणी, बाईला नाव कसं ठेवायचं, म्हणून गप्प बसला होता. आणि तिनं त्याला चोर म्हटलं! लाजेनं तिचं तोंड काळवंडलं.

"चारचौघांत बोललीस ना? आता चारचौघांतच निस्तर," तिचा नवरा देवजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बाजार टाकून ती दुकानात गेली. भरल्या दुकानात हात जोडले. "शेठ, चूक माझी. नारळाचं पाणी मीच घातलं."

दिपक खोकं घेऊन गोदामातून येत होता. तिला बघून त्यानं घाईघाईनं मान हलवली. "मावशी, राहू द्या."

भला माणूस संकोचतोय, असं तिला वाटलं. तिनं आवाज चढवला. "का राहू द्या? शेठ, ह्या देवमाणसानं दोन्ही वेळा पाणी पुसलं, पीस खराब म्हणून लिहून दिलं. माझ्यासाठी!"

शेठ सावकाश दिपककडे वळला. "कंपनीला खोटं लिहून दिलंस? माझ्या दुकानाच्या शिक्क्यानं?"

दिपकनं खोकं खाली ठेवलं. गोदामाची किल्ली काउंटरवर ठेवली.

"चला मावशी, स्टँडपर्यंत सोडतो," तो म्हणाला.

ती त्याच्या मागून चालत राहिली. त्यानं चार शिव्या हासडल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. तो फक्त वळून एवढंच म्हणाला, "टीव्ही चालतोय ना आता नीट?"