दस्ती टाकलेली सीट

आईशपथ सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझे उरलेसुरले दात उद्याच्या भाकरीत राहोत. मला हे खुद्द केवळाबाईनं सांगितलं, आणि केवळाबाई खोटं बोलत नाही. तेवढं डोकं तिला देवानं दिलेलंच नाही.

तर केवळाबाई विमानाच्या दारात अडून उभी होती आणि मागं शिडीवर अख्खं नांदेड तुंबलं होतं. तिच्या हातातल्या पिशवीत धपाट्यांचा डबा आणि शेंगांची चटणी. पिशवी एवढी जड, की विमान त्या अंगाला कलंडलं होतं म्हणतात. बाई पुढं सरकेना, कारण पहिल्याच रांगेतल्या सीटा रिकाम्या दिसत होत्या. समोर कुणाची पाठ नाही, काही नाही. पाळणा बांधला तर पोरगं झोके घेईल एवढी मोकळी जागा!

पुढं चाललेल्या धोतरवाल्या नवऱ्याच्या खांद्यावरची दस्ती, म्हणजे आपला रुमाल, तिनं सर्रकन ओढली आणि कडेच्या सीटवर टाकली. नुसती टाकली नाही, सीटच्या पट्ट्यात खोचली.

दारातली पोरगी पुढं आली. छातीवर नावाची पट्टी होती, रुद्राणी. देगलूरकडची. "आजी, तुमची सीट मागे आहे."

"ठावं हाय गं. दार लागेस्तोर कुणी आलं तर त्येची सीट. न्हाई आलं तर आमच्या मालकाची. दस्ती टाकलीय म्या."

आता ह्यात केवळाबाईचं काय चुकलं? लातूरच्या स्टँडवर गाडी थांबायच्या आधी खिडकीतून दस्ती आत जाते, आणि ज्याची दस्ती त्याची सीट. मंत्र्याचा मेव्हणा असला तरी तो दस्तीवर बसत नाही. भांडणं होतात, शिव्या होतात, पण दस्तीवर कुणी बसत नाही.

रुद्राणी हसली. "ह्या सीटांचे पैसे वेगळे असतात, आजी. ज्यांनी भरलेत त्यांनाच देतो. बाकी कुणालाच देता येत नाही."

"कुणालाच?"

"कुणालाच."

मागून लोकांनी रेटलं आणि केवळाबाई पिशवीसकट आत वाहत गेली. दस्ती तिथंच राहिली.

आता तिचे मालक सांगते. शेषेराव, लातूर डेपोचे ड्रायव्हर. सगळी नोकरी लातूर-नांदेड मार्गावर. नोकरीच्या शेवटी शेवटी एक ट्रक अंगावर आला, यांनी गाडी शेतात घातली. गाडीतल्या एकाच्याही केसाला धक्का नाही, यांच्या गुडघ्यात मात्र सळई बसली. तेव्हापासून तो पाय वाकत नाही. बसले की पाय समोर, दाराच्या आडण्यासारखा. नातवाचं बारसं बंगळूरला, म्हणून लेकीनं, शिवांगीनं, विमानाचं तिकीट काढलं. फोनवर तिनं विचारलं होतं, "बाबा, पुढची सीट घेऊ का? थोडे जास्त पैसे पडतील, पण पाय मोकळा राहील." शेषेराव म्हणाले, "कशाला? दीड तासाचा मामला."

तो दीड तास आता सुरू झाला. जागा अशी, की धडधाकट माणसानंसुद्धा गुडघे घरी ठेवून यावं. खिडकीशी केवळाबाई, वाटेच्या कडेला शेषेराव, पाय वाटेत. आणि मधल्या सीटवर कोण, तर लातूरचे बापूसाहेब. हो, तेच क्लासवाले. चौकाचौकात ज्यांचा फोटो हात जोडून उभा असतो. शेषेरावांच्या पायावरून उडी मारून ते मध्ये बसले आणि मोबाईलवर बोलत राहिले.

विमान सुटायच्या आधी रुद्राणी आली. "काका, पाय आत घ्यावा लागेल."

शेषेरावांनी दोन्ही हातांनी मांडी धरली, अंग तिरपं केलं, पाय पुढच्या सीटखाली सारला. ओठ घट्ट मिटले. केवळाबाईनं ते बघितलं. नवरा कण्हत नाही, ओठ मिटतो, हे तिला लग्नापासून ठाऊक.

"लई दुखून राहिलं का?"

"न्हाई."

"खोटं बोलू नका. मी जाते आन् त्या पोरीला..."

"गप बस."

विमान वर गेलं, स्थिर झालं, वरचा पट्ट्याचा दिवा विझला. तशी शेषेरावांनी पाय पुन्हा वाटेत काढला. तेवढ्यात खाण्याची गाडी आली, ते उठले. गाडी गेली, बसले. एक बाई पोराला घेऊन संडासाकडं निघाली, परत उठले. एकटा माणूस भजनाला बसल्यासारखा उठबस करत होता, आणि पुढं ती पहिली रांग हवा खात होती.

मग बापूसाहेब उठले. शेषेराव पुन्हा उभे राहिले, यांना वाट द्यायला. बापूसाहेब तरातरा पुढं गेले, पहिल्या रांगेपाशी थांबले आणि बसले. कुठं? कडेच्या सीटवर. बसता बसता त्यांनी बुडाखालून दस्ती ओढून काढली. रुद्राणी जवळ गेली, बापूसाहेब काहीतरी इंग्रजीत म्हणाले, ती बिचकली, आणि परत फिरली. त्यांनी पाय असे लांब केले, की सांगतानासुद्धा माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

केवळाबाई उठली.

"कुटं चाललीस?"

"दस्ती आणायला," ती म्हणाली, आणि त्या वाटेनं अशी निघाली, की गुरुद्वाऱ्याचं दर्शन घेऊन झोपलेले दोन सरदारजी दचकून उठले आणि पट्टे आवळून बसले.

बापूसाहेबांनी तिला बघितलं. दस्तीची नीट घडी केली आणि दोन बोटांत धरून पुढं केली. "ही तुमची का, मावशी? पडली होती इथं."

पडली होती! त्या बोलण्यानं बाईचं माथं फिरलं. परका माणूस असता तर म्हटलं असतं, जाऊ दे, त्याला काय ठाऊक. पण हा लातूरचा, लातूरच्या स्टँडवर वाढलेला. पट्ट्यात खोचलेली दस्ती म्हणजे काय, हे याला शिकवायला लागतं?

"पडली नव्हती, साहेब. टाकली होती. आमच्या मालकाचा पाय वाकत न्हाई, तुमी पायावरनं उडी मारून गेलाव. दिसलं आसंल."

"अहो मावशी, हे एसटी स्टँड आहे का?"

"बरं, न्हाई स्टँड. मंग इथला कायदा सांगा. तुमी ह्या सीटचे पैसे भरले का?"

"रिकामी होती. दार लागलं, आता कुणी यायचं नाही. रिकाम्या सीटवर बसलं तर कंपनीचं काय जातं? कुणाचं नुकसान आहे का यात?"

बघा, असं गुळगुळीत बोलणं. क्षणभर केवळाबाईलासुद्धा पटलं, कारण खरं सांगायचं तर तिच्याही मनात तेच होतं. रिकामी जागा, दुखणारा पाय, कुणाचं काय जातं? मग तिला आठवलं, की तिनं आधी विचारलं होतं. विचारलं, म्हणून 'नाही' ऐकावं लागलं. यानं विचारलंच नाही.

"साहेब, तुमच्या क्लासात साधी बॅच हाय आन् एक ती भारीवाली हाय. हाय ना?"

"आहे. त्याचं काय?"

"साध्या बॅचची फी भरून एखादं लेकरू भारीवाल्या बॅचमधी जाऊन बसलं. बाक रिकामं होतं म्हणून. चालतंय?"

"ते वेगळं आहे, मावशी."

"कामून वेगळं?"

"तिथं शिस्त असते."

अगं बाई बाई! शिस्त! केवळाबाईचा आवाज चढला. एवढा, की खाली देगलूरच्या बाजारात लोकांनी वर बघितलं. "लेकरांना उन्हात उभं करता ना हो तुमी, फी ऱ्हायली म्हणून! तवा कंपनीचं काय जात असतंय?"

रुद्राणी धावत आली आणि तिला पडद्याआड घेऊन गेली. पोरगी घामेजली होती. "आजी, हळू बोला. पाया पडते."

"तू तर बोलूच नगं. मगाशी कुणालाच म्हणाली होतीस. कुणालाच म्हंजी कुणाला? धोतरवाल्याला?"

"ते सारखे जातात-येतात, आजी. उठवलं की वर तक्रार करतात, मग साहेबांपुढं माझीच पेशी होते. मागच्या वेळी झाली." तिनं डोळे पुसले. मग मागं, वाटेत निघालेल्या त्या पायाकडं बघितलं. "एक करते. काकांना आणा. शेजारची सीट देते. कुणी विचारलं तर मी बघते. फक्त कुणाला सांगू नका."

झालं! केवळाबाईनं जिंकलं. ती अशी परतली जशी काही नगरपालिका निवडून आली. "उठा. सीट भेटली."

"पैसे किती?"

"पैसे कशाचे? पोरगी देऊन राहिली. तुमचा पाय बघून."

शेषेराव हलले नाहीत. "नको."

"नको?"

"शिवांगीनं विचारलं होतं, मीच नको म्हणलो. पैसे वाचवले म्या. मंग आता फुकट कशाला जाऊ?"

"आवं, तो बसला ना तिथं ढेरी काढून!"

"त्येचं त्येच्यापाशी. त्यानं न इचारता घेतलं. मला कीव म्हणून देऊन राहिली. आन् उद्या त्या पोरीला तिच्या साहेबानं इचारलं, तर ती काय सांगंल? मी न्हाई जात."

आता केवळाबाईचं खरं दुखणं वर आलं. ते बापूसाहेबांचं नव्हतंच. शिवांगी पोटात असताना ती नवऱ्याच्याच गाडीनं नांदेडला निघाली होती. अहमदपूरपर्यंत सीट मिळाली. तिथं ती सीट आधीच राखून ठेवलेला एक तरणाबांड पोरगा चढला. कंडक्टर म्हणाला, "वहिनी, बसा, मी सांगतो त्याला." तो पोरगाही म्हणाला, "बसा." आणि ह्यांनी आरशातून बघितलं आणि एकच शब्द म्हणाले, "ऊठ." लोह्यापर्यंत बाई दांड्याला लटकून उभी.

"तवा मला उठवलंत," ती म्हणाली. आवाज आता देगलूरला नाही, शेजारच्या सीटलाही गेला नसता. "पोटुशी होते मी. तुमच्या ह्या खरेपणाचं वझं जल्मभर मीच उचललं. आज तरी तुमच्या पायासाठी इमान सोडा. माझ्यासाठी सोडा म्हणत न्हाई."

शेषेरावांनी सळईच्या गुडघ्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "त्या दिवशी तुला उठवायला नव्हतं पायजे."

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

"मंग?"

"मंग काय. तवा चुकलो म्हणून आज ह्या पोरीच्या नोकरीवर बसू का?"

केवळाबाईनं तोंड खिडकीकडं फिरवलं. बाहेर ढग होते, तिला एकही दिसला नाही.

आणि तेवढ्यात काय झालं म्हणता? पुढं पहिल्या रांगेत बापूसाहेब उठले. कान लालभडक. सगळं विमान त्यांच्याकडं बघत होतं. मान खाली घालून ते मागं आले, शेषेरावांपुढं उभे राहिले आणि म्हणाले, "काका, चुकलं माझं." आणि आपल्या मधल्या सीटवर गुडघे जवळ घेऊन शहाण्या पोरासारखे बसले. सरदारजींनी टाळ्या वाजवल्या. रुद्राणीनं सगळ्यांना दोनदा चहा दिला.

काय? असं कसं बघता माझ्याकडं?

बरं, सांगते. बाकी सगळं खरं, दातांची शपथ अजून लागू आहे. पण बापूसाहेब परत आले, एवढं मी घातलं. मला राहवेना. ते नाही आले. तिथंच पाय पसरून घोरत होते, बंगळूरला उतरले तेही सगळ्यांच्या आधी.

मधली सीट शेवटपर्यंत रिकामीच होती. केवळाबाईनं तिच्यावरचा कचरा झाडला, आपली मांडी थोपटली आणि म्हणाली, "आडवे बसा, पाय हिकडं ठेवा माझ्याकडं. आता तरी कोण बघतंय?"

शेषेरावांनी त्या सीटकडं बघितलं. "साहेबांची हाय ती," म्हणाले. आणि खाण्याची गाडी परत आली, तसे पुन्हा उठून उभे राहिले.