मनगट सैल सोड

माझं माहेर सौसरचं. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लोक उरलेल्या पुरणपोळ्या खातात आणि लोळत पडतात. पांढुर्ण्याला मात्र जाम नदीच्या दोन काठांवर उभं राहून एकमेकांना गोटे मारतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर माझं सासर सावरगाव, मध्ये पाण्यात रोवलेलं पळसाचं झाड आणि त्यावर झेंडा. गोटा लागला तर कोणी मारला हे विचारायचं नाही, अशी रीत. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ही रीत काही माझ्या गळी उतरली नाही.

माझे यजमान मोरेश्वर मास्तर सावरगावच्या समाजमंदिरात व्हायोलिन आणि पियानो शिकवत. पियानो रेल्वेच्या एका साहेबाचा, बदलीच्या वेळी मागे राहिलेला. बैलगाडीतून तो आणला तेव्हा अर्धं गाव मागून चाललं होतं. शिकायला संत्र्यांच्या बागवाल्यांची पोरं येत, मजुरांचीही येत, आणि मास्तर सगळ्यांना सारखंच रागवत. त्यांचा सगळा जीव त्या दहा बोटांत होता. मी त्यांना कधी विळीसुद्धा हातात घेऊ दिली नाही.

व्हायोलिनचा गज ओढायला शिकवत ते मात्र या गावच्याच भाषेत. "गोटा मारतं नं, तसं. पन खांद्यानं नाही, मनगटानं. मनगट सैल सोड." पोरांना लगेच समजायचं, जमायचं मात्र नाही. जमलं ते एकट्या हेमंतला. हा पांढुर्ण्याच्या सुताराचा मुलगा, विशीतला. मास्तर म्हणत, "माह्या मागं हा वर्ग याच्याच हाती."

गोटमारीच्या दिवशी मास्तर मुद्दाम वर्ग ठेवत आणि दाराला आतून कडी लावत. बोटं शाबूत राहिली पाहिजेत, एवढंच त्यांचं म्हणणं. शहाऐंशी साली सगळी पोरं आली, हेमंत आला नाही.

दुपारी नदीकडून ढोल ऐकू यायला लागले. मास्तरांचं लक्ष लागेना. हातात गज होता, तो तसाच घेऊन ते उठले.

"त्याले घेऊन येतो."

"तुमी नका जाऊ. येते तो आपला आपन."

"अन् त्याची बोटं गेली तं?"

काठावर काय झालं ते मला नंतर कळलं. मास्तर आमच्या काठावर, गर्दीच्या पुढे जाऊन उभे राहिले. पलीकडे हेमंत दिसला. हाका ढोलांत बुडून गेल्या. उजव्या हातात गज, म्हणून त्यांनी डावा हात उंच केला, 'ये' म्हणायला. आता सावरगावच्या काठावर हात वर गेला म्हणजे गोटा येणार, हे पलीकडचं शेंबडं पोरही जाणतं. गोटा आला.

डॉक्टरांनी डाव्या हाताला प्लास्टर घातलं आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, दोन बोटं आता वाकणार नाहीत. व्हायोलिनची तार त्याच बोटांनी दाबायची असते.  

आत गेल्यावर विचारलं, "कोनं मारला?"

"तसं इचारत नाहीत." मग छताकडे बघत म्हणाले, "सगळे खांद्यानं मारून राहिले होते. हा एकच मनगटानं आला. काय सैल सुटलं होतं मनगट!"

मला वाटलं, यांच्या डोक्यालाही लागलंय.

चार दिवसांनी मास्तर पुन्हा समाजमंदिरात जाऊन बसले. बातमी ऐकून हेमंत धावत आला. प्लास्टर बघून तो रडला, पाया पडला आणि मला म्हणाला, "काकू, कोन होता सांगा. मी पाहून घेतो त्याले."

"रीत नाही," मास्तर म्हणाले. "व्हायोलिन घे. भूप वाजव."

तो वाजवू लागला. आमचं घर लागूनच, मी चहा घेऊन आले आणि माझी टकळी सुरू झाली. "या मास्तरांचं ऐकशीन का? बोटं गेली, अन् मारनाऱ्याचं कवतिक करून राहिले! म्हनते, सगळे खांद्यानं मारत होते, हाच एक मनगटानं आला."

गज मध्येच थांबला.

मी हेमंतच्या तोंडाकडे बघितलं. ते पांढरंफटक पडलं होतं. मग मनगटाकडे बघितलं.  पियानोवर काही ठेवलं तर मी पोरांच्या अंगावर जात असे. हातातला चहाचा कप मी पियानोवरच ठेवला. 

"काकू, मी हात पाह्यला," हेमंत म्हणाला. "तोंड नाही पाह्यलं."

मास्तरांना पहिल्यापासून ठाऊक होतं. ते उठले, पियानोसमोरच्या बाकाच्या उजव्या टोकाला जाऊन बसले. डावीकडची जागा त्यांनी मोकळी ठेवली.

"ये. डावा हात आता तुहा."

"सर, मी..."

"मनगट सैल सोड."

हेमंत बसला. त्यानं पट्ट्यांवर हात ठेवला. मनगट लाकडासारखं ताठ झालं होतं. मास्तर वाट बघत बसले.