घरच्या रस्त्याचा कौल

एका अंगाला समुद्र, दोन अंगांना खाडी. त्या चिंचोळ्या जमिनीवरून भंडारपेठ ते आंबेखोल जो रस्ता जातो, त्यावर मी जन्मभर एसटी चालवली. त्यातला खड्डा न् खड्डा माझ्या ओळखीचा. आता निवृत्त होऊन डोंबिवलीत मुलाकडे, सिद्धेशकडे बसलोय, तर सरकारला जाग आली! रस्त्याचा महामार्ग झाला, खाडीवर पूल झाला. चणे आहेत तर दात नाहीत, दुसरं काय!

"आता कसली अडचण? गाडी थेट दारात जाते," माझी बायको केशरबाई रोज म्हणायची. तिला आंबेखोलच्या घरी कायमचं जायचं होतं. मलाही. झोपेतसुद्धा माझा हात गिअर शोधायचा.

सिद्धेश ऐकेना. "बाबा, हायवे झाला म्हणजे हॉस्पिटल झालं का?" शेवटी ठरलं, ग्रामदेवाला कौल लावायचा. देव देईल तो निकाल, पुन्हा वाद नाही.

रविवारी भिवा गुरवाने देवळातून व्हिडिओ कॉल केला. देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवून त्याने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, तुझी लेकरं घरी येतो म्हणतायत. येऊ देणार असशील तर उजवा कौल दे, उजवी पाकळी आधी पाड."

फोन केशरबाईच्या हातात. शेजारी नात पायल, डोळे भरलेले. पाकळी पडली.

"डावी पडली!" सिद्धेश ओरडला. "देव नाही म्हणतोय."

"आजी, तू नाही जाणार!" पायल तिच्या गळ्यातच पडली.

शाळेपासून डोंबिवलीत मामाकडे वाढलेला माझा मुलगा! त्याने बघणाऱ्याची डावी-उजवी धरली. देव आपल्याकडे तोंड करून उभा असतो, उजवा धरायचा तो देवाचा. आमच्या गावात हे शेंबडं पोरही जाणतं. देवाने आम्हाला घरी बोलावलं होतं.

"अगो केशरवैनी, देवानं..." भिवा हरखून बोलू लागला. केशरबाईने फोन बंद केला.

"नाही देवाच्या मनात," ती पायलच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली.

मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. संताप आला होता. "अगं, उजवा होता!"

"दिसलं मला. पोरीकडे बघितलंत ना?" तिने पदराने डोळे पुसले आणि कुकर लावला. "रस्ता कुठं पळून जातोय? जाऊ पुढच्या वर्षी."

रस्ता राहील. आपण राहू का, हे मला तिला विचारवेना.