ओताऱ्याच्या तीन चिपा

“वहिनींनी नाव काढलं हो!” म्हणत स्टोअरकीपरने पाठीत धपाटा घातला, तेव्हा ओतारी साच्यात पातळ सिलिकॉन ओतत होता. हात हलला, बुडबुडे उठले. ते विरेपर्यंत तोंडावर हसू ठेवणं भाग होतं, ते त्याने ठेवलं.

प्रयोगशाळेत सगळे त्याला ओतारीच म्हणत. दिवसभर ओतायचं, भट्टीत घट्ट करायचं, कापायचं, काचेवर चिकटवायचं. बोटाच्या पेराएवढा पारदर्शक तुकडा, आत केसाहून बारीक वाटा, आणि त्या वाटांनी रक्तातल्या पेशी एकामागून एक रांगेने जात. सासरेबुवा अभिमानाने सांगत, “जावई चिपा बनवतात,” आणि ऐकणारे बटाट्याचा भाव विचारत. यावर आधी ओतारी स्वतःच पोट धरून हसायचा. हल्ली हसत नव्हता.

कारण बायको. पलीकडच्या अंधाऱ्या खोलीत ती लेसरपाशी बसे. समोरासमोरच्या दोन किरणांमध्ये एकेक पेशी अलगद धरायची, ताणायची, सोडून द्यायची. कुठली किती ताणली जाते यावरून आजारी कोण, ते तिला ओळखू येई. लग्नाआधी या लेसरसमोर तिला पहिल्यांदा बसवलं ते ओताऱ्यानेच. डोळ्यांना न दिसणारा किरण, तो पडला की चमकणारं कार्ड पुढे धरून कसा शोधायचा, तेही त्यानेच दाखवलं होतं. आता मोठ्या संस्थेची माणसं तिचं काम बघायला येणार होती. पसंत पडलं तर नवा विभाग, आणि विभागाची प्रमुख ती. ओतारीही त्याच विभागात, तिच्या हाताखाली. परवा प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी कुणाशी तरी त्याची ओळख करून दिली, “हे आमच्या मॅडमचे मिस्टर.” झालं! एवढ्या वर्षांची नोकरी दोन शब्दांत निकालात.

त्याला हेवा वाटत होता. चक्क बायकोचा. दुसऱ्या कुणाचा वाटला असता तर घरी येऊन तिलाच सांगितला असता, तिने त्या माणसाला चार शिव्या घातल्या असत्या आणि याला शांत झोप लागली असती. आता कुणाला सांगणार?

“उद्या तीन चिपा देशील ना?” जेवताना तिने विचारलं.

“देतो की. मॅडमचा हुकूम.”

“असं काय रे बोलतोस?”

“गंमत केली.”

“तुझी चिप असली की मला तपासावी पण लागत नाही,” ती म्हणाली आणि त्याला आणखी भाजी वाढली.

तिने केलं होतं ते कौतुकच. पण त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तपासावी लागत नाही म्हणे! म्हणजे नळाला पाणी येतं तसा हा. आलं तर कुणी आभार मानत नाही.

सकाळी त्याने चिपा आणि काचा ताटलीत मांडून लहान यंत्रात ठेवल्या. आत जांभळा उजेड पडला. या उजेडातून निघालेली चिप लगेच काचेवर ठेवून दाबायची, की जन्माची चिकटते. त्याने ताटली बाहेर काढली. तेवढ्यात बाहेर सरांचा आवाज आला, “मॅडम, आज मैदान मारायचंय!” आणि पाठोपाठ तिचं हसू. घरी ती अशी कधी हसली होती, हे ओताऱ्याला आठवेना. त्याने ताटली टेबलावर ठेवली आणि तो चहा प्यायला गेला. कुणी विचारलं असतं तर तेच सांगितलं असतं, चहाला गेलो होतो. चहा प्यायला, पेपर चाळला, स्टोअरकीपरशी पाऊसपाण्याच्या गप्पा झाल्या. मग येऊन त्याने तिन्ही चिपा नेहमीसारख्या काचेवर दाबल्या. नेहमीसारख्याच दिसत होत्या.

दुपारी अंधाऱ्या खोलीत पाहुणे दाटीवाटीने बसले. दवाखान्यातून रक्त नुकतंच आलं होतं. तिने पहिली चिप लावली, रक्त आत ढकलायला दाब वाढवला. पडद्यावर एक पेशी आली, किरणांत थबकली, आणि सगळं चित्रच वाहून गेलं. चिपेच्या कडेने थेंब पाझरत होता. तिने दुसरी लावली. तीही पाझरली. एका पाहुण्याने घड्याळ बघितलं.

तिसरी तिने लावलीच नाही. दिव्याखाली धरून कोपऱ्याशी नख घातलं. नीट चिकटलेली चिप अशी कधी सुटत नाही. ओढली तर फाटते, तिचा थर काचेवर राहतो. ही बरणीवरच्या लेबलासारखी अख्खी निघाली. काच स्वच्छ. तिने काचेकडे बघितलं, मग दाराशी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे. खाई त्याला खवखवे. ओतारी ॲप्रनचं बटण लावू लागला. ते आधीच लावलेलं होतं.

“काय झालं?” सरांनी विचारलं.

“दाब मी जास्त दिला,” ती म्हणाली. “चूक माझी आहे.”

ओताऱ्याने तोंड उघडलं. एक वाक्य पुरलं असतं. ते आलं नाही. आणि खोटं कशाला बोला, क्षणभर त्याला बरंही वाटलं. मग त्या बरं वाटण्याचीच त्याला लाज वाटली.

विभाग दुसऱ्या प्रयोगशाळेला गेला. घरी ती भांडेल, ताट आपटेल, माहेरी जाईल म्हणून तो वाट बघत राहिला. काही नाही. दूध आणायचंय, पंखा आवाज करतोय, मुलीचा बूट फाटलाय, एवढंच ती बोलायची. तीन वेळा तो म्हणाला, “ऐक ना.” तीनही वेळा ती म्हणाली, “बोल,” आणि याने पंख्याचं विचारलं.

एके दिवशी सकाळी ती त्याच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. केस बांधलेले, हातात मोजे.

“चिप करायला शिकव मला.”

“कशाला? मी आहे ना.”

“शिकव.”

त्याने शिकवलं. ओतणं, बुडबुडे काढणं, भट्टी, कापणं. तिचा हात चांगला होता. शेवटी जांभळा उजेड विझला आणि तिने ताटली बाहेर काढली.

“आता लगेच दाबायचं,” तो म्हणाला. “थांबायचं नाही.”

“थांबलं तर?”

तिने त्याच्याकडे बघितलं नाही. चिप काचेवर ठेवून ती अंगठ्याने दाबत होती.

“तर चिकटत नाही,” ओतारी म्हणाला. “नुसती चिकटल्यासारखी दिसते. करणाऱ्याला माहीत असतं.”

“हं,” ती म्हणाली. अंगठा तसाच होता. “पुढचं सांग.”