पिल्बीमकाकांची खुर्ची

आमच्या बाबांना परगण्याने इतक्या वेळा पार्लमेंटात पाठवलं, की सर गॉडफ्री थॉर्नकोट सोडून दुसरा कुणी खासदार असू शकतो हेच गावातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं. आणि हे खासदार हिवाळाभर असायचे कुठे? घरी. पायांत लोकरी चपला, शेकोटीपाशी तंगड्या पसरलेल्या, समोर पिल्बीमकाका आणि मध्ये सोंगट्यांचा पट.

ही सगळी जोडीची कृपा. बाबा एका पक्षाचे, आमचे शेजारी ॲम्ब्रोज पिल्बीम, तेही खासदार, पण दुसऱ्या पक्षाचे. बाबा जिथे हो म्हणणार तिथे काका नाही म्हणणार, हे ठरलेलंच. मग दोघांनी लंडनच्या धुरात जाऊन घसे बसवायचे कशाला? दरवर्षी नाताळ सरला की दोघं हातात हात देऊन शब्द द्यायचे, ईस्टरपर्यंत तू जायचं नाहीस, मीही जाणार नाही. दोन मतं घरबसल्या एकमेकांना खाऊन टाकायची. याला पार्लमेंटात जोडी लावणं म्हणतात आणि त्यात कागद नसतो, सही नसते. पण जो मोडेल त्याला सभ्य माणसाच्या घरी पुन्हा जेवायला बोलावत नाहीत.

"तुम्हाला लोकांनी निवडून दिलंय ते फासे टाकायला का हो?" आई विचारायची.

"वहिनी, मला कुठे लोकांनी दिलंय?" काका अक्रोडाचं लोणचं तोंडात टाकत म्हणायचे. "मला लॉर्ड कॅल्डमूरनी दिलंय."

ते खरंच होतं. काका जिथून निवडून यायचे तिथे मतदार मूठभर, आणि ती मूठ लॉर्डसाहेबांची. काका राहायचे ते घरही लॉर्डसाहेबांचंच. बायको नाही, पोर नाही, जमीन नाही. होती ती एक खासदारकी, ते भाड्याचं घर आणि आमची शेकोटी. जेवण झालं की काका त्यांच्या खुर्चीत पटावरच डुलकी घ्यायचे आणि बाबा तेवढ्यात त्यांची सोंगटी सरकवायचे. ते दिवस आठवले की मला आजही त्या खोलीतला सफरचंदाच्या लाकडाचा वास येतो. किती सुखात होतो आम्ही, आणि किती गृहीत धरलं होतं सगळं.

मग एका फेब्रुवारीत गायरानाचं प्रकरण निघालं. हॅझल मूरचं सगळं गायरान कुंपण घालून आपल्या नावावर करून घ्यायचं लॉर्ड कॅल्डमूरनी ठरवलं, तसा कायदा पार्लमेंटात मांडला. गावातल्या प्रत्येक गरिबाची गाय त्या गायरानावर चरत होती. हॅना ट्रॉट नावाची विधवा आपली बदकं हाकत थेट आमच्या दारात आली.

"साहेब, निवडणुकीत माझ्या हातची बिअर पिऊन म्हणाला होतात, गायरानाला हात लावू देणार नाही म्हणून. आता ही बदकं काय तुमच्या दिवाणखान्यात चारू?"

बाबांचं तोंड एवढंसं झालं. लंडनहून निरोप आला होता की एखाददुसऱ्या मताचा फरक पडेल. पण काकांना दिलेला शब्द ईस्टरपर्यंतचा होता. बाबा गेले तर तो मोडणार, नाही गेले तर गावाला दिलेला मोडणार.

त्या संध्याकाळी पटावर कुणाचं लक्ष नव्हतं.

"गॉडफ्री, जा तू," काका म्हणाले. "मी तुला मोकळं केलं. मी इथेच बसतो."

"आणि लॉर्डसाहेब विचारतील, पिल्बीम कुठे होता? त्याने थॉर्नकोटला सोडलंच कसं? उद्या तुझं बिऱ्हाड रस्त्यावर येईल."

"ते माझं मी बघेन."

"काय बघणार आहेस, कपाळ? तुझ्या डोक्यावरचं छप्पर विकून मी मत द्यायला जाऊ?"

"तू ना, अडेलतट्टू आहेस!" काका उठले, पट धाडकन मिटला. त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "ठीक आहे. मग मीच चाललो लंडनला. उद्या सकाळी. जोडी मोडली! आता ये नाहीतर नको येऊस."

दार आपटलं. बाबा शेकोटीकडे बघत बसले. "लॉर्डाची भाकरी शेवटी बोलली," एवढंच म्हणाले. मला काकांचा असा राग आला की मी त्यांची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली.

बाबा निघाले, त्यांच्या छातीत कफ होता म्हणून मीही बरोबर गेले. पार्लमेंटात बायकांना बसू देत नाहीत. आम्ही बायका वर माळ्यावर, सभागृहातल्या झुंबराचा धूर वर सोडणाऱ्या धुराड्याभोवती गर्दी करून त्यातून खालची टकली बघायचो. त्या संध्याकाळी बाबांचं टक्कल दिसलं, काकांचं दिसेना. धुराने डोळे चुरचुरले म्हणून मी जिना उतरून खाली आले. वाटेत सभासदांची खानावळ होती, दार उघडं होतं. आत पिल्बीमकाका, पुढ्यात मांसाची ताटली आणि पोर्ट दारूची रिकामी बाटली, हनुवटी छातीवर, आणि घोरणं असं की काचा थरथराव्यात.

"साहेब! मतदान! दारं लावतायत!" शिपाई त्यांच्या कानात ओरडत होता. गदागदा हलवूनही काका जागे होईनात. हात टेकून शिपाई पुढच्यांना उठवायला पळाला.

तेव्हा काकांनी एक डोळा उघडला. मी दिसले. त्यांनी बोट ओठांवर ठेवलं, डोळा मिटला आणि पहिल्यापेक्षा जोरात घोरायला लागले. मी जिन्याच्या कठड्याला धरून रडले.

कायदा एका मताने पडला. हॅनाच्या नातवंडांची बदकं आजही त्या गायरानावर हिंडतात.

काकांची खासदारकी अर्थात गेली. पण पोर्ट जास्त झालेल्या म्हाताऱ्याला घरातून हाकलणं लॉर्डसाहेबांनाही शोभलं नसतं, त्यामुळे घर राहिलं. सगळ्या परगण्यात काकांचं हसू झालं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे बाबा! कुणाकडेही जेवायला गेलो की चारचौघांत सुरू व्हायचे, "अरे, आमच्या ॲम्ब्रोजला हळू आवाजात वाढा, झोपमोड होईल." लॉर्ड कॅल्डमूर समोर असले की मग तर विचारूच नका. काका खो खो हसायचे. मी मात्र आतल्या आत जळायचे. शब्द दिला नव्हता, पण त्या बोटासाठी गप्प राहिले.

आणि आमचे हिवाळे गेले. काका खासदार नाहीत म्हणजे जोडी नाही. दुसरे कितीतरी जण तयार होते, बाबा कुणाशी जोडी लावेनात. जानेवारी आला की कुरकुरत लंडनला जायचे. काका तरीही आमच्याकडे येऊन बसायचे, पट उघडायचे, मिटायचे. ते वारले तेव्हाही बाबा तिकडेच होते. बाबांची गाडी पोचेपर्यंत माती झाली होती.

पुढे एका हिवाळ्यात बाबा घरी थोडे आजारी असताना पक्षाचा एक तरुण माणूस, मिस्टर फेअरक्लो, गाडी घेऊन आला. मोठं मतदान होतं, सरकार राहतं की जातं असं. बाबा शेकोटीपाशी सोंगट्या मांडत होते.

"सर गॉडफ्री, निघायला हवं. निदान कुणाशी जोडी तरी लावा."

"माझी लागलेली आहे."

"कुणाशी?"

"पिल्बीमशी."

तो गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. "पण... ते तर वारले ना?"

"हो. तेव्हा तो काही जात नाही, याची यंदा मला पक्की खात्री आहे. लेटी, यांना गरम काहीतरी दे. लांब जायचंय त्यांना."

गाडी गेल्यावर बाबांनी मला हाक मारली.

"लेटी, इतकी वर्षं ॲम्ब्रोज या खुर्चीत झोपला. कधी घोरला का गं?"

"कधीच नाही, बाबा."

"त्या संध्याकाळी पार सभागृहापर्यंत ऐकू येत होता मला."

"तुम्हाला माहीत होतं? आणि तरी जगभर चिडवत सुटलात त्यांना?"

"मग काय करू? मीच हसलो नसतो तर कॅल्डमूरनी त्या झोपेवर विश्वास ठेवला असता?" बाबांनी फासे हातात घोळवले. "तोही ओळखून होता. म्हणून तर एवढा हसायचा."

मी डोळे पुसले आणि म्हटलं, "मी खेळू का तुमच्याशी?"

"खेळ की," बाबा म्हणाले. "पण स्टूल घे. ती खुर्ची राहू दे."