पलीकडच्या गावची सिस्टर

तिला नावानं हाक मारणारं गावात कुणी उरलंच नव्हतं. भावाच्या मुलीनं बोबड्या बोलात 'आत्या' म्हटलं, ते शेजारच्या पोरांनी उचललं, मग त्यांच्या आयांनी, आणि बघता बघता ती अख्ख्या गावाची आत्या झाली. पोराला ताप आला, आत्या. सुरीनं बोट कापलं, आत्या. म्हाताऱ्याला झोप येत नाही, त्यालाही आत्याच. नाक्यावरचा शिंपी चिडवायचा, "आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, तेवढंच राहिलंय बघा." आत्या हसायची. आताशा तिला हसायचाही कंटाळा यायचा.

ती गावच्या सरकारी दवाखान्यातली सिस्टर. दवाखाना म्हणजे दोन खोल्या. बाहेर बाक, वजनकाटा आणि लसींचा फ्रिज. आत टेबल, दोन खुर्च्या आणि एक हिरवा पडदा, त्याची खालची कड उंदरांनी कुरतडलेली. शनिवारी दुपारी आतली खोली फक्त मुलींची. नको त्या वयात दिवस जाऊ नयेत म्हणून काय करायचं, एचआयव्ही कशानं होतो, रक्त कधी तपासून घ्यायचं, नको असेल तेव्हा तोंडावर 'नाही' कसं म्हणायचं, हे सगळं आत्या न लाजता सांगायची. मागच्या दाराशी कंडोमचा डबा टांगून ठेवलेला होता, म्हणजे कुणाला तोंड उघडून मागायला नको.

मुली यायच्या, पण सगळ्या पलीकडच्या गावच्या. ओढा ओलांडून, डोक्याला घट्ट स्कार्फ बांधून, चालत. तिथेही दवाखाना होता, पण तिथली सिस्टर त्यांच्या आयांची मैत्रीण. तिच्यासमोर कोण तोंड उघडणार? आत्याचा एक नियम होता: जे सांगशील ते तुझं नाव. कुणाची कोण, कुठल्या घरची, काही विचारायचं नाही. त्यांच्यातल्या एकीच्या पुढच्या दातांत फट होती, आणि ती हसली की हुबेहूब पलीकडच्या सिस्टरसारखी दिसायची. आत्यानं तिलाही कधी काही विचारलं नाही.

तिच्या स्वतःच्या गावची मात्र एकही मुलगी फिरकायची नाही. तालुक्याहून तपासणीला येणाऱ्या मोठ्या बाई दर खेपेला विचारायच्या, "तुमच्याच गावच्या मुली कशा नाहीत हो?" आत्या म्हणायची, "लाजतात. येतील हळूहळू." मनातून तिला वाटायचं, असतील आपल्या पोरी जरा भोळ्या, त्यात काय बिघडलं? ट्रेनिंगला भेट झाली की पलीकडची सिस्टर डोळे मिचकावून म्हणायची, "तुझ्या गावच्या पोरी फार शहाण्या हं." आत्याला ते कौतुक वाटायचं.

मग गेल्या वर्षी ती एक आली. दवाखान्याच्या मागच्याच घरातली, सोळा वर्षांची. तिच्या खिडकीतून आत्याचा तो डबा दिसायचा. ती आली तेव्हा पोट लपण्यापलीकडे गेलं होतं. आत्यानं तिच्या बोटातून थेंबभर रक्त घेतलं आणि तपासणीच्या पट्टीवर टाकलं. पट्टीवर एक रेघ उमटली तर सुटलीस, दोन उमटल्या तर एचआयव्ही. दोन उमटल्या.

"आधी का नाही आलीस गं?" आत्यानं विचारलं.

"तू माझ्या आईला अक्का म्हणतेस ना," पोरगी म्हणाली.

पुढे आत्यानं सगळं जातीनं पाहिलं. पोरगी औषधं घेते, बाळाला लागण झाली नाही, दोघं बरी आहेत. पण शाळा सुटली ती सुटलीच. आणि तिची आई, आत्याची अक्का, दवाखान्याच्या दारात उभी राहून म्हणाली, "लोका सांगे ब्रह्मज्ञान! माझ्या दाराशी बसून जगाच्या मुली सांभाळल्यास, माझीच कशी दिसली नाही तुला?" तेव्हापासून तिचे पाय जड झाले होते. सकाळी उठायचं, खुर्चीत बसायचं, तीच वाक्यं बोलायची आणि संध्याकाळी घरी यायचं. आपण पालथ्या घड्यावर पाणी ओततोय, असं तिला रोज वाटायचं.

घर भावाचं. भाऊ सुतार, हात हलका पण तोंड जड. मागच्या घरातली बातमी ऐकली तेव्हा त्यानं रंधा बाजूला ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "आपल्या घरातलं असलं काही माझ्या कानावर आलं, तर त्याच दिवशी शाळा बंद. मग कुणी रडायचं नाही." भाची सतराची. ती खाली मान घालून जेवत राहिली.

नंतर आत्यानं तिला गाठून दोनतीनदा विषय काढून पाहिला. "आत्या, घरी तरी नको ना गं ते दवाखान्याचं," भाची म्हणायची, आणि आत्याचे पाय मांडीवर घेऊन दाबत बसायची. तिचे हात बापासारखे, बळकट. आत्या डोळे मिटायची. खरं सांगायचं तर तिला सुटल्यासारखंच वाटायचं. परक्या पोरींशी घडाघडा बोलणाऱ्या तिची जीभ हिच्यासमोर टाळ्याला चिकटायची.

एका शनिवारी भाची शिकवणीला म्हणून बाहेर पडली आणि मागोमाग मोठ्या बाईंचा फोन आला. पलीकडची सिस्टर पायरीवरून घसरली होती, पाय प्लास्टरमध्ये. "आज तुम्ही तिकडे बसा. तुमच्याकडे तशाही तिकडच्याच मुली येतात, त्यांची पायपीट वाचेल." आत्याला ते पटलं. यात काही चुकतंय हे त्या शिकलेल्या बाईच्या लक्षात आलं नाही, आणि आत्याच्याही नाही. दुधाच्या गाडीत बसून ती पलीकडच्या गावाला गेली.

तिथला दवाखाना तिच्याच दवाखान्याचा जुळा भाऊ. तोच बाक, तसाच पडदा. फक्त मागच्या दाराचा डबा रिकामा होता. आत्याला नवल वाटलं. तिनं तो भरला, खुर्चीत बसली आणि चपला काढून फरशीवर तळपाय टेकवले. गार फरशीनं जरा बरं वाटलं.

दार ढकलून पहिली मुलगी आत आली. ती आत्याच्या गावच्या दुकानदाराची. आत्याला पाहून ती दारातच खिळली.

"तू इकडे कशी?" आत्याच्या तोंडून निघून गेलं.

"तहान लागली होती," पोरगी म्हणाली. बाहेरच्या माठातलं पाणी ती घटाघटा प्यायली, अजिबात तहान नसताना प्यावं तसं, आणि गेली.

मग दोघी आल्या. एक शिंप्याची नात, एक पिठाच्या गिरणीवाल्याची. पडदा सरकला, दोन डोकी आत डोकावली आणि पडदा पुन्हा सरकला. बाहेर पळण्याचा आवाज आला. आत्या उठून खिडकीशी गेली. समोर झाडाखाली तिच्या गावच्या पाचसहा मुली डोक्याला डोकं लावून उभ्या होत्या. सगळ्यांच्या डोक्याला घट्ट स्कार्फ.

तेव्हा तिच्या डोक्यात उजेड पडला. ज्या वाटेनं पलीकडच्या मुली तिच्याकडे यायच्या, त्याच वाटेनं तिच्या मुली इकडे यायच्या. वाटेत एकमेकींना भेटतही असतील, हसतही असतील. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, आणि दिवा म्हणून मिरवणारी ती. 'तुझ्या गावच्या पोरी शहाण्या' याचा अर्थ आज लागला. तिला राग आला, लाज वाटली, आणि या दोन्हींच्या तळाशी जरासं हायसं वाटलं. पोरी कुठेतरी जात तर होत्या! पण आज तिच्यामुळे त्या रिकाम्या हातांनी परत जाणार होत्या. यातली कुठली उद्या मागच्या घरातल्या पोरीसारखी बसून राहील, कुणी सांगावं?

काय करावं ते सुचेना. ती पुन्हा खुर्चीत येऊन बसली. तेवढ्यात मागच्या दारानं कुणीतरी आलं. शाळेकडून येणारी वाट त्या दाराशी निघते, तिथून झाडाखालचं काही दिसत नाही. मुलगी खाली मान घालून आली, सवयीनं खुर्ची ओढून बसली, स्कार्फची गाठ सोडली आणि मग वर पाहिलं.

भाची होती.

आत्याच्या जिभेवर सगळं एकदम गोळा झालं: तू? कोण आहे तो? कधीपासून? तुझ्या बापाला कळलं तर? भाचीचा चेहरा पांढरा पडला होता. हात खुर्चीच्या दांड्यांवर, उठायच्या तयारीत. एक शब्द चुकला असता तर ती उठली असती, आणि या खुर्चीत काय, जगातल्या कुठल्याच सिस्टरसमोर पुन्हा बसली नसती. आत्याला ते लख्ख दिसलं. तिनं टेबलावरचं पेन उचललं.

"नाव काय?" तिनं विचारलं. परक्या मुलीला विचारायची, तसंच.

भाचीचे हात दांड्यांवरून खाली आले. मग तिनं एक नाव सांगितलं. ते तिच्या लहानपणीच्या चिंध्यांच्या बाहुलीचं नाव होतं. ती बाहुली आत्यानंच शिवून दिली होती.

आत्यानं ते लिहून घेतलं. अक्षर थोडं वाकडं आलं.

"कुणी जबरदस्ती करतंय का? घाबरवतंय? काही देतो म्हणून बोलावतंय?"

"नाही."

"वयानं मोठा आहे?"

"वर्गातलाच आहे, सिस्टर." घरी ती तिला 'तू' म्हणायची. "तुम्ही मागे सांगितलं होतं... म्हणजे इथल्या सिस्टरनी सांगितलं होतं, आधी दोघांनी रक्त तपासा. तो तपासून आला. मी आज आले."

"नाही म्हणावंसं वाटलं तर म्हणता येतं का त्याला?"

"म्हटलंय एकदा. ऐकलं त्यानं."

आत्यानं मान डोलावली. हे सगळं विचारायला तिला परक्या गावात यावं लागलं होतं. तिनं भाचीचं बोट धरलं, कापसानं पुसलं, सुई टोचली. हेच बोट धरून ती हिला शाळेत सोडायची. थेंब पट्टीवर टाकला आणि पट्टी दोघींच्या मध्ये टेबलावर ठेवली.

आता थांबायचं. एरवी आत्या या वेळात मुलींना चार गोष्टी सांगायची. आज शब्द सुचेनात. पट्टी ओली होत गेली, पहिली रेघ उमटली. ती सगळ्यांचीच उमटते. दुसरीच्या जागेकडे आत्या बघत राहिली. तिला मागच्या घरातली दिसली, अक्का दारात उभी दिसली, भावानं खाली ठेवलेला रंधा दिसला. इतकी वर्षं ती शेकडो मुलींना 'घाबरू नकोस, थोडाच वेळ' म्हणत आली होती. तो थोडाच वेळ केवढा असतो, ते तिला आज कळलं.

"सिस्टर," भाची हळूच म्हणाली, "इथलं तुम्ही कुणाला सांगता?"

"नाही."

"घरचं कुणी विचारलं तरी?"

"घरी गेल्यावर मी सिस्टर नसते. इथलं इथेच राहतं."

वेळ भरली. रेघ एकच होती. आत्यानं पट्टी उजेडाकडे धरून पुन्हा पाहिली, मग आणखी एकदा.

"एकच आहे," ती म्हणाली आणि उगाच ड्रॉवर उघडून त्यात काहीतरी शोधू लागली. डोळे पुसून झाल्यावर तिनं ड्रॉवर बंद केला. मग बाकीचं सगळं रीतसर सांगितलं: तीन महिन्यांचं इंजेक्शन, त्यानं दिवस जात नाहीत पण एचआयव्ही टळत नाही, म्हणून कंडोम हवाच, तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासायचं. इंजेक्शन देताना भाचीनं डोळे घट्ट मिटले. लहानपणीही मिटायची.

जाताना ती दाराशी थांबली. "बाहेर कुणी आहे का अजून?"

"झाडाखाली आहेत. मला बघून पळाल्या."

भाची पुढच्या दारानं गेली. झाडाखाली काय बोलली ते आत्याला ऐकू आलं नाही. पण थोड्या वेळानं पडदा सरकला आणि शिंप्याची नात येऊन खुर्चीत बसली. आत्यानं तिला नाव विचारलं. मग गिरणीवाल्याची आली, मग दुकानदाराची. ज्यांची बारशी जेवली त्या पोरींना आत्या त्या दुपारी नावं विचारत होती, आणि त्या सांगतील त्या खोट्या नावांना मान डोलावत होती.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा अंगणात भाचीची उलटतपासणी चालली होती. भावजय कमरेवर हात ठेवून उभी. "शिकवणी कधीच सुटली म्हणे. गवळ्यानं हिला ओढ्यापलीकडे पाहिलं. काय काम होतं तिकडे?" भावानं रंधा बाजूला ठेवला होता.

"माझं काम होतं," आत्या चपला काढत म्हणाली. "तिकडची सिस्टर पडली. मला एकटीला आवरेना, म्हणून हिला बोलावून घेतलं."

भावानं दोघींकडे पाहिलं. मग रंधा उचलला.

"आधी सांगायचं तरी, ताई," भावजय वरमून म्हणाली. "आणि जगाच्या मुलींना एवढं शिकवता, कधी घरच्या पोरीलाही चार शब्द सांगत जा हो."

"सांगेन," आत्या म्हणाली.

भाची तिच्या पायांशी येऊन बसली, आणि पाय मांडीवर घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यानं पलीकडच्या सिस्टरला फोन लावला. पायाची चौकशी झाली. मग आत्या म्हणाली, "तुला माहीत होतं."

"होतं."

"माझ्या घरातलं होतं. आणि तू मला एका शब्दानं बोलली नाहीस!"

सिस्टर म्हणाली, "तू बोलली असतीस मला?"

आत्याला शनिवारी येणाऱ्या त्या मुलीच्या दातांतली फट आठवली. सिस्टर उत्तराची वाट बघत होती, आणि तिच्या आवाजात काहीतरी होतं, घाबरलेल्या आईचं असतं तसं. आत्यानं डोळे मिटले.

"नाही," ती म्हणाली. "पाय लवकर बरा कर बाई. शनिवारी माझ्या मुली यायच्यात."